ताटलीवरचं नाव

वडील सिन्नरच्या ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, आणि माझं नाशिकचं कॉलेज शिष्यवृत्तीवर येऊन अडलं. घरची परिस्थिती बघायला ट्रस्टचा माणूस येणार होता. तर आईने काय करावं? शेजारच्या काकूंकडून खुर्ची, कपबश्या, स्टीलच्या ताटल्या आणल्या आणि तुपातला शिरा केला!

"अगं, तो गरिबी बघायला येतोय!" मी ओरडलो.

"मग? दारी आलेल्या माणसाला फुटक्या कपात चहा देऊ का?"

तो लुनावरून आला. चपला भिंतीशी नीट लावून खुर्चीत बसला. आईने शिऱ्याची ताटली पुढे केली. तिच्या काठावर काकूंच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं, आडनावासकट. त्याने ते वाचलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि त्या नावावर अंगठा ठेवला. आई समोर होती तोवर त्याने तो हलवला नाही.

निघताना एवढंच म्हणाला, "ताई, शेजार चांगला आहे तुमचा. जपा."

शिष्यवृत्ती मिळाली. आई अजून सगळ्यांना सांगते, शिरा झालाच होता तसा.