धूर दिसेल तिकडे

हैदराबादच्या विमानतळावर मला सोडायला जीपभर माणसं आली होती. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावाहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, म्हणून तिकीट तिथून काढलेलं. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, वाटेत दोनदा जीप थांबवायला लावली आणि बॅग उघडून येसर मसाल्याची पुडी कपड्यांच्या मधोमध आहे ना ते तपासलं. काचेच्या दारापाशी शिपायानं बाकीच्यांना अडवलं. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "सुरेखा, तिकडं चुकलीस तर रडत बसू नगं. धूर दिसंल तिकडं जायचं." माझ्यामागच्या रांगेतला सुटाबुटातला गृहस्थ हसला. मलाही हसू आलं. परदेशात, एडमंटनला कसला आलाय धूर, असं म्हणून मी आत गेले, आणि आत गेल्यावर व्हायचं तेच झालं. रुमाल बॅगेत होता आणि बॅग पुढं गेली होती.

हे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय. गावात राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारख्या बॅगा उचलून पुण्याला, बंगळुरूला किंवा आणखी लांब गेलात त्यांच्यासाठी. फोनवर सगळे विचारता, "काय करायलीस तिकडं?" मी म्हणते, लायब्ररीत कामाला जाते. हे अर्धंच उत्तर आहे. गेली काही वर्षं मी मुलांसाठी एक कादंबरी लिहीत होते, मराठीत, आपल्याकडची. ती पुरी होता होता बुडणार होती. कशी तरली, ते सांगायचंय.

त्यासाठी आधी अप्पांच्या धुराचं सांगायला हवं. आपल्या भागाबाहेरच्या कुणी हे वाचलं तर येळवस माहीत नसेल. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर आणि आसपासचा सगळा मुलूख घराला कुलूप लावून रानात जातो. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, बांधतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. पूजा झाली की आंबील शिंपडत पिकाला फेरी घालायची आणि मग जेवायला बसायचं. तुरीचे दाणे, वाटाणे, हरभऱ्याचा पाला, रानात जे हिरवं असेल ते बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, गाडग्यातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला कुणाचं तरी बोलावणं असतंच. आणि रस्त्यानं जाणारा माणूस न जेवता पुढं गेला तर शेताच्या मालकाला दिवसभर चुकल्यासारखं होतं.

मी चौथीत असेन. झोक्यावर माझा नंबर लागेना म्हणून रुसून ज्वारीत शिरले. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. बाहेर निघाले ती भलत्याच बांधावर. रडले, हाका मारल्या, पुन्हा रडले. मग लांबवर धूर दिसला. तीन दगडांच्या चुलीवर कुणीतरी भज्जी गरम करत होतं. मी गेले. त्या घरच्या बाईनं नाव-गाव विचारायच्या आधी माझ्यापुढं ताट ठेवलं. अप्पा शोधत आले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत उंडे होते. अव्वानं पाठीत धपाटा घातला. अप्पा मात्र म्हणाले, "शाणी हाय पोरगी. धूर बघून गेली." तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरात राहिलं. जत्रेला जाताना, लातूरला शिकायला जाताना, आणि शेवटी त्या काचेच्या दारापाशी.

एडमंटनचा पहिला हिवाळा. महेश, माझा नवरा, कामावर जायचा आणि मी नोकरी शोधत बसनं फिरायची. एका दुपारी कुठल्याशा मुलाखतीहून परत येताना बस आलीच नाही. थंडी अशी की फोन हातात धरता धरता बंद पडला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंना घरं, आणि प्रत्येक घराच्या छपरातून पांढरा धूर वर चाललेला. तो खरं तर हीटरचा, पण दिसायला धूरच. अप्पांचं वाक्य आठवलं आणि रागच आला. इथं अनोळखी दार वाजवत नाहीत, हे मला येण्याआधीच शंभर जणांनी शिकवलं होतं. दार उघडणारा काय म्हणेल, माझं इंग्रजी त्याला कळेल का, पोलिसांना फोन केला तर? मी तशीच उभी राहिले. पायांची बोटं बधिर होऊन दुखायची थांबली तेव्हा मात्र घाबरले. समोरच्या घराची घंटी वाजवली.

दार उघडलं ते मार्गारेटनं. सत्तरीची, काठी टेकत आलेली बाई. तिनं माझे हात टॉवेलात गुंडाळले, टेबलावर टोमॅटोचं सूप आणि टोस्ट ठेवला, आणि मग विचारलं, तू कोण? पुढं आम्ही घर घेतलं ते त्याच गल्लीत. तो योगायोग नव्हता. पण त्या दुपारचं मी गावाकडं कधी कळू दिलं नाही. अव्वानं काळजीनं जेवण सोडलं असतं.

नोकरी लागली ती लायब्ररीतल्या मुलांच्या विभागात. नऊ-दहा ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या कादंबऱ्यांची एक मांडणी माझ्याकडं आहे. तिथली निम्मी पुस्तकं एकाच गोष्टीची: एक मूल संकटात सापडतं आणि जिवंत राहतं. होडी उलटते, बर्फाचं वादळ येतं, रानात वाट चुकते. काडेपेटी भिजलेली, सोबत फार तर एक कुत्रं. मुलांचा या पुस्तकांवर एवढा जीव की पानांचे कोपरे गोल झालेत. मीही एकेक घरी नेऊन वाचली आणि वेडी झाले. बाहेर उणे तीस असताना रजईत बसून दुसऱ्याच्या उपासमारीचं वाचण्यात काय सुख आहे, ते मला या वयात कळलं. एक गोष्ट तेवढी खटकायची. या मुलांनी धूर करायचा तो कुणी आपल्याला बघावं म्हणून. दुसऱ्याच्या धुराकडं चालत जाणारं पोरगं त्या मांडणीत एकही नव्हतं.

मग मीच लिहायला घेतलं. मांजरा नदीला पूर येतो, दहा वर्षांचा शिवा पलीकडच्या काठाला जाऊन लागतो आणि पूल वाहून गेल्यामुळं लांबच्या वाटेनं घराकडं चालत निघतो. पुण्यातल्या एका लहानशा प्रकाशनाच्या संपादक वैदेहीताई, त्यांना मी मजकूर पाठवला. त्यांचा फोन आला. "सुरेखाताई, भाषा फार गोड आहे. पण तुमचा शिवा संकटातून वाचतोय कसला, पाहुणचार घेत फिरतोय. एका प्रकरणात तो दोनदा जेवलाय."

मी मोजून पाहिलं. दोनदा नव्हे, तीनदा जेवला होता.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुलाला एकटं पडू द्या, त्याशिवाय वाचणाऱ्या मुलांना भीती वाटणार नाही. मला ते पटलं, हेच दुःख. मी पुन्हा लिहिलं. माणसं काढली, वस्त्या काढल्या, शिवाला कच्ची कणसं खायला लावली. सगळं शिस्तीत झालं आणि गोष्ट मेली. माझ्या लातूर जिल्ह्यात माणूसच नाही असं मी लिहीत होते, आणि लिहिताना मला स्वतःचीच चीड येत होती. वैदेहीताईंनी तेही वाचलं आणि म्हणाल्या, "आता भीती आहे, पण जीव नाही. अजून एकदा बघू या. नाही जमलं तर थांबवू, मन मोठं करून." त्या रात्रीपासून मला नीट झोप येईना. इथं राहून गावासाठी मी करू शकत होते अशी ही एकच गोष्ट होती. पैसे पाठवणारे पुष्कळ आहेत. आपल्या पोरांच्या हातात आपल्या नदीचं पुस्तक ठेवणं मला जमेल असं वाटलं होतं, आणि ते हातातून निसटत होतं.

गेल्या वर्षी येळवशीला मी गावी होते. वैदेहीताई नेमक्या लातूरला पुस्तकांच्या प्रदर्शनाला आलेल्या. मी म्हटलं, दुपारी जेवायला शेतात या, तिथंच काय ते ठरवू. शहर त्या दिवशी कसं रिकामं होतं, ते सांगायला मी विसरले. वैदेहीताई सकाळी उठल्या तर लॉजचा स्वयंपाकी रानात, चहावाला रानात, रिक्षावाला रानात. पुण्याहून आणलेली गाडी होती, पण ड्रायव्हरला इकडचे रस्ते माहीत नाहीत, आणि वाटेतलं औराद गाव सोडल्यावर फोनची रेंज गेली.

आम्ही वाट बघत बसलो. बारा वाजले, दोन वाजले. अप्पा बांधावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होते. एक टेम्पोवाला जेवून गेला, मोटारसायकलवरचे दोघं जेवून गेले. मी मात्र घास घेतला नाही. बाई रागावून परत गेल्या असणार आणि शिवाही त्यांच्याबरोबर गेला, असंच मनानं घेतलं होतं. अव्वा म्हणाली, "आगं जेव की. यील ती. येळवशीला कोण कुठं जातंय?"

ऊन उतरायला लागलं तेव्हा गाडी आली. वैदेहीताई उतरल्या त्या ओटीत गहू आणि नारळ सांभाळत, दुसऱ्या हातात आंबिलीचं गाडगं. मागून ड्रायव्हर, त्याच्याकडं भाकरीचं गाठोडं. रस्ता विचारायला जिथं थांबल्या तिथं एकच उत्तर मिळालं होतं: "आधी जेवा, मग रस्ता सांगतो." चार शेतांत चार वेळा जेवण. एकानं रस्ताही चुकीचा सांगितला, बाईंनी त्याच्या भावाच्या शेतातही जेवावं म्हणून. त्या हे सांगत असतानाच अप्पांनी पाचवं ताट आणून ठेवलं.

"अप्पा, खरंच नको. मी खूप जेवलेय."

"ते त्यांचं झालं," अप्पा म्हणाले. "आमच्या कोपीत तुमी कुठं जेवलाव?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मदत केली नाही. माझा नायक एका प्रकरणात तीनदा जेवतो म्हणून कात्री लावणाऱ्या बाईला पाचव्या ताटावर बसवायचं भाग्य काही रोज मिळत नाही.

त्यांनी उंडा मोडला. मला वाटलं, आता म्हणतील, तुमचंच खरं. पण त्या म्हणाल्या ते वेगळंच. "सुरेखा, त्या चार शेतांच्या आधीही एक शेत लागलं होतं, तिथं मी गाडीतून उतरलेच नव्हते. धूर दिसत होता, माणसं हात करून बोलावत होती, आणि मी काच वर करून बसून राहिले. अनोळखी माणसं, एकटी बाई, डोक्यात काय काय येऊन गेलं. भूक लागली होती तरी. नंतरच्या जेवणाचं सोड. तुझा शिवा कुठल्याही दारात सरळ जातो. ते काच वर करून बसणं तुझ्या पुस्तकात कुठंच नाही."

मला एडमंटनचा तो बसस्टॉप दिसला. छपरांवरचा धूर, आणि हलायला तयार नसलेले माझे पाय. मी एवढी पानं लिहिली आणि मला खरी भीती वाटली होती तीच जागा सोडून दिली होती.

परत आल्यावर मी तिसऱ्यांदा लिहायला बसले. काढलेली माणसं एकेक करून परत बोलावली. पण आता शिवा कुठल्याही वस्तीवर सरळ जात नाही. पहिल्या धुरापाशी तो बाभळीआड बसून राहतो. आपलं कोण तिथं, हाकलून दिलं तर, कुत्रं सोडलं तर. पोटात आग पडलेली आणि कोपीपर्यंत जायचा धीर नाही. ते प्रकरण लिहिताना माझी बोटं पुन्हा गार पडली. वैदेहीताईंनी वाचून निरोप पाठवला: "आता घाबरले. छापू या."

यंदा येळवशीच्या थोडं आधी पुस्तक गावी पोचलं. अप्पा अक्षरावर बोट ठेवून वाचतात, त्यांना वेळ लागतो. येळवशीच्या दिवशी त्यांचा फोन आला. तिकडं रानातून घरी येऊन हातपाय धुऊन झाले होते, इथं सकाळ व्हायची होती. मी गोठवलेले वाटाणे आणि पालक घालून जमेल तशी भज्जी ढवळत होते. अप्पांनी आधी थंडी विचारली, मग महेशची तब्येत. मग म्हणाले, "पुस्तक झालं वाचून. ब्येस हाय. पर त्या पोरानं कोपीत जायला लई येळ लावला गं."

"मी पण लावला होता, अप्पा," मी म्हणाले. आणि इतक्या वर्षांनी त्यांना तो बसस्टॉप सांगितला. सगळा सांगितला, पायांच्या बोटांसकट.

अव्वा मागून "काय म्हणती?" विचारत होती, तिला त्यांनी गप्प केलं. मग म्हणाले, "आता न्हाई ना लावत?"

"न्हाई," मी म्हणाले.

फोन ठेवून मी भज्जीचं पातेलं टॉवेलात गुंडाळलं, बूट चढवले आणि बाहेर पडले. दिव्यांच्या उजेडात गल्लीतल्या सगळ्या छपरांवर धूर होता. मार्गारेटच्या दारापाशी पोचले, पण घंटी वाजवली नाही. तिचे गुडघे आता फार दुखतात, उठून दारापर्यंत येववत नाही. तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडंच असते.