राहून गेलेली ओळ
तापलेल्या सर्किट बोर्डाचा वास आला की मला बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या जुन्या ऑफिसातली एक दुपार आठवते. मी पुण्याहून नुकतीच आले होते आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलसाठी ड्रायव्हर लिहीत होते. माझा कोड बेळगावकडची एक सीनियर तपासायची. तिला सगळे अक्का म्हणायचे. फंक्शन संपलं की मेमरी आपोआप मोकळी व्हावी, अशी सोय मी कोडमध्ये केली होती. पण तीच मेमरी दुसऱ्या भागाकडे सोपवताना ‘आता ही माझी नाही’ असं सांगणारी ओळ लिहायची राहिली. त्यामुळे तो भाग वापरत असतानाच मेमरी मोकळी झाली आणि ग्राहकाकडची मशिनं बंद पडू लागली. मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, "ये पास किसने किया?" अक्का म्हणाली, "मैंने." कोड कुणी लिहिला हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा मला लाजही वाटली नाही. टेबलावरच्या तापलेल्या बोर्डाचा वास तेवढा येत होता. अक्काला प्रोजेक्टवरून काढलं. सामान भरून झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "हितं एक ओळ घाल की गं. स्वल्प बघून लिहीत जा." मी तिच्याच कानडीत "सरी, अक्का", म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणाले. आता मी इतरांचा कोड तपासते. तिचा नंबर अजून माझ्याकडे आहे. पाच-सहा वेळा काढला, नुसता बघितला आणि फोन ठेवून दिला.