परत जायचं कारण

अहो, शेजारणीच्या बाळाला न्हाऊ घालणं ही काय नोकरी झाली? पण ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावाल्यांना तसं वाटलं. मागे मुलीकडे मेलबर्नला गेले होते. तिची शेजारीण ओली बाळंतीण, बिचारीचं तिथे कुणी नव्हतं. महिनाभर मीच तिच्या बाळाला तेल लावून आंघोळ घातली. निघताना तिने साडी आणि एक पाकीट हातात कोंबलं, आणि वर फेसबुकवर लिहिलं, 'मालिशवाल्या आजी हव्या असतील तर मला विचारा.' झालं! मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी अर्ज केला, तो नाकारला. मागच्या खेपेला व्हिजिटर व्हिसावर काम केलंत, आता नियम पाळाल कशावरून? करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मुलीने ट्रिब्युनलकडे दाद मागितली. तारीख लागेपर्यंत नात रांगायला लागली. मी इथे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मुलाकडे. हे गेल्यापासून इथेच असते. मुलगा-सून सकाळी 'यल्ला यल्ला, चला चला' करत बाहेर पडतात. नातवाशी बोलायला जावं तर, 'आजी, आय ॲम बिझी.' मग दिवसभर एसीची घरघर ऐकायची. कुणी वाईट वागत नाही हो, पण माझ्यावाचून कुणाचं अडतही नाही. त्या नातीला एकदा तरी पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, एवढाच ध्यास घेतला होता.

सुनावणी लॅपटॉपवर झाली. मुलाने अर्धी सुट्टी टाकली होती. निकाल देणाऱ्या बाई शांत होत्या, दुभाषा मराठीत सांगत होता. पाकिटाबद्दल विचारलं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "मी मागितलं नव्हतं. बाळंतिणीने प्रेमाने दिलेलं परत कसं करायचं?" बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "दुबईला परत जायला तुम्हाला काय कारण आहे?"

काय सांगणार, कपाळ? "मुलगा आहे, नातू आहे," एवढं कसंबसं म्हटलं. मुलगा शेजारी बसून ऑफिसचे मेल बघत होता.

मग मुलीची पाळी आली. ती इंग्रजीत बोलली, पण तेवढं मला कळतं. "आईला मी कायमची ठेवून घेऊ शकत नाही. तिला ते माहीत आहे. तीन महिन्यांनी तिला जावंच लागेल."

मला माहीत नव्हतं. कधी बोललोच नव्हतो आम्ही त्यावर. मी मनात मात्र कधीची तिच्या घरातली एक खोली धरून बसले होते.

निकाल आमच्या बाजूने लागला. मुलीचं म्हणणं त्यांना अगदी पटलं होतं. मुलगा म्हणाला, "खलास, आई, काम झालं!" आणि ऑफिसला पळाला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. केवढी खुशीत होती! मी विचारलं, "ते तसं बोलायला वकिलाने सांगितलं होतं ना गं?"

पलीकडे नात काहीतरी आपटत होती. मुलगी म्हणाली, "आई, तिकीट कधीचं काढू?"

काय समजायचं ते समजले. पण नातीला बघायचं होतं ना!

"कधीचंही काढ," मी म्हटलं. "जायचं आणि यायचं, दोन्ही एकदमच काढ."