पाटावरचा पाना

ती घटना आठवायला मला काही करावं लागत नाही. दसऱ्याला कुठे हळदकुंकू लावलेलं हत्यार दिसलं, की ती आपोआप समोर येते. नोकरीतल्या बाकीच्या प्रकरणांबद्दल मी चारचौघांत बोललो आहे. या एकाबद्दल कधीच नाही.

तेव्हा मी कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. पळसदरीला मुंबईच्या एका गृहस्थांचा बंगला होता. सगळे त्यांना शेठ म्हणत. त्यांच्याकडे तीसेक वर्षांची जुनी, परदेशी बनावटीची चार दारांची गाडी होती. गडद हिरवा रंग, समोर लाकडाची पट्टी, चामड्याच्या सीट. दिसायला साहेबी, पळायला शर्यतीची. एकदा शेठनी मला तिच्यातून कोंडाणे लेण्यांच्या बाजूला फिरवून आणलं होतं. मला शेजारी बसवून नेलं याचंच मला मोठं अप्रूप वाटलं. पुढे जे झालं त्याचं मूळ बहुधा त्या फेरीत असावं.

अशी गाडी सांभाळणं सोपं नाही. आमच्याकडच्या पावसात चार महिने उभी राहिली की खालच्या नळ्या गंजतात, रबरं कडक होतात, उंदीर वायरी कुरतडतात. पार्ट दुकानात मिळत नाहीत, मुंबईच्या भंगारवाल्यांकडे शोधत फिरावं लागतं. हे सगळं कडावचा एक मेकॅनिक करायचा. चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. काम झालं तरी तो गाडी लगेच देत नसे. आधी स्वतः चालवून आणायचा, मग पुन्हा खाली शिरून प्रत्येक जोड बोटाने चाचपायचा. बोट कोरडं निघालं तरच चावी द्यायचा.

त्या दसऱ्याला दुपारी पळसदरीच्या पुढच्या उतारावर शेठची गाडी रस्ता सोडून कडेला घुसली. तिथे वाडीवरची एक बाई झेंडू आणि आपट्याच्या डहाळ्या विकायला बसली होती. ती जागीच गेली. मी पोचलो तेव्हा गाडीच्या बॉनेटवरचा हार तसाच होता आणि रस्ताभर झेंडू पसरला होता. शेठ दगडावर बसून एकच सांगत होते, "पेडल खाली गेलं हो. पायाला काही लागलंच नाही."

पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला. बाईचा नवरा ठाण्यात आला. रडला नाही. जबाब झाल्यावर उठता उठता म्हणाला, "सायब, तिचा कोयता तुमच्याकडं हाय. गावंल का?"

डहाळ्या तोडायचा तो कोयता आम्ही मुद्देमालात जमा केला होता. मी म्हणालो, "केस संपली की मिळेल."

मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी नवी होती आणि तिच्या जोडातून तेल गळून गेलं होतं. पुढचे ब्रेक थोडे धरले, पण उतारावर तेवढ्याने भागलं नाही. प्रश्न सरळ होता. त्या जोडाचा नट आवळताना काय झालं?

मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "काम नवमीलाच झालं व्हतं साहेब."

"मग गळलं कसं?"

"माझी चूक हाय."

एवढंच. मला ते खटकलं. माणूस अडकला की आधी दुसऱ्याचं नाव घेतो, मग नशिबाचं, अगदी शेवटी स्वतःचं. हा पहिल्याच प्रश्नाला शेवटाला येऊन बसला होता.

खबर आमच्या हवालदारांनी आणली, कडावच्या चहावाल्याकडून. "साहेब, तो खोटं बोलतोय. त्यानं दसऱ्याला सकाळी पाटावरचा पाना उचलला. बायको सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी भांडली म्हणे."

"पाना उचलला तर एवढं काय झालं?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्या बंदुका पण पाटावर होत्या साहेब. तुम्ही कोणाला हात लावू दिलात का?"

खरं होतं. नवमीला हत्यारं धुऊनपुसून मांडायची, दसऱ्याला पूजा करायची आणि तो दिवस त्यांना विश्रांती द्यायची, हे ठाण्यात तसंच गॅरेजात. मी आवारात जप्त करून ठेवलेल्या गाडीखाली शिरलो. नव्या नळीच्या नटाच्या कडांमध्ये लाल काहीतरी अडकलं होतं. तेलाने काळपटलं होतं, पण कुंकूच. पूजेतला पाना लागला होता त्याला. म्हणजे काम नवमीला संपलंच नव्हतं.

मेकॅनिकला परत आणलं. या वेळी बसायला सांगितलं नाही.

"कोणासाठी उचललास पाना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"शेठनी दमदाटी केली?"

"नाय साहेब."

"मग कोणी केली? बोल ना! तोंड शिवलंय का?"

तो पुन्हा माझ्याकडेच बघत राहिला. मला तो माज वाटला. मी टेबलावर हात आपटला. हवालदार उगाचच खोकले. तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन दारात आली. तिने नवऱ्याला उभं पाहिलं आणि तिचा बांध फुटला.

"अवो, सांगत का नाय तुमी? त्यांचंच तर नाव घ्यायचं हाय!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, तुमीच फोन केला व्हता की."

आणि मग आठवलं.

दसऱ्याच्या सकाळी ठाण्यात पूजा चालू होती, माझ्या हातात नारळ होता. शेठचा फोन आला. "तुमचा कडाववाला गाडी देत नाही, उद्या या म्हणतो. आज हार घालून बाहेर काढायची होती." मी लगेच मेकॅनिकला फोन लावला. "अरे, सणाचं कशाला अडवतोस? देऊन टाक."

"साहेब, नळी नुसती हातानं लावलीय. आवळायला हत्यारं पाटावर हायेत."

"मग उचल की रं! देव काय तुझ्यावर केस करणार हाय?"

आजूबाजूचे शिपाई हसले. मीही हसलो. नारळ फोडला आणि तो फोन विसरून गेलो.

शेठ शेजारी उभे, आपण पाटावरून पाना उचलला याची धास्ती मनात, अशात त्याने नट आवळला, ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढली आणि चावी दिली. चालवून पाहिली नाही. पुन्हा खाली शिरून बोट फिरवलं नाही.

तपास तिथे पूर्ण झाला. हवालदार त्याचा जबाब लिहीत होते. 'सणाच्या घाईत काम केले' इथे त्यांचं पेन थांबलं. "साहेब, पुढं?"

"सही घ्या," मी म्हणालो.

त्याने सही केली. त्याची बायको दारातून ते बघत होती.

दोषारोपपत्रात शेठ आणि तो, दोघे आरोपी होते. तारखा चालू असतानाच शेठ वारले. उरला तो एकटा. मी पुढे बदलीवर गेलो आणि मग वेळेआधीच निवृत्ती घेतली. लोकांना कारण तब्येतीचं सांगितलं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते तपासाबद्दल नव्हतं. वर्दीतल्या माणसाला वाटतं, आपण सहज बोललो. समोरचा ते सहज म्हणून ऐकत नाही. ही गोष्ट मला त्या जबाबाच्या दिवशीच कळली होती. ती लिहायला मात्र मी इतकी वर्षं लावली.

खटला अजूनही रेंगाळतोय. अलीकडे मी सरकारी वकिलांना माझं लेखी निवेदन नेऊन दिलं. ते वाचून म्हणाले, "कागदावर तुमचं नाव कुठेच नाही. कशाला ओढवून घेता?" मी म्हणालो, मला साक्षीला बोलवा.

मग कडावला गेलो. तो आता दुचाक्या आणि गवत कापायची मशिनं दुरुस्त करतो. चारचाकीला हात लावत नाही. मी सांगितलं ते त्याने हात पुसत ऐकून घेतलं.

"तुमी सांगितलं म्हणून नाय केलं साहेब," तो म्हणाला. "तुमाला नाय म्हणता येत नाय, म्हणून केलं."

निघताना त्याची बायको म्हणाली, "आमाला सांगितलंत, ते बरं केलंत. वाडीवर जाऊन आलात का?"

गेलो नव्हतो. तसाच वाडीवर गेलो. त्या बाईचा नवरा अंगणात बसला होता, थकलेला. ओळख सांगायची गरज पडली नाही. मी सुरुवात कशी करायची याचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यानेच माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं,

"कोयता आनला का, सायब?"