धर्माजी सरांचा शनिवारचा तास

कर्जतच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायचो आणि धर्माजी सर शास्त्र शिकवायचे. माणूस सरळ, पण करडा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भर पावसातही पायात बूट, आणि वर्गात उलट उत्तर अजिबात चालायचं नाही. "मोठं माणूस बोलत असताना आपण तोंड उघडायचं नाही," हे त्यांचं वाक्य शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ होतं. आईबाप त्यावर बेहद्द खूश. पोराला शास्त्र किती कळलं हे कुणी विचारत नसे. पोरगं घरात खाली मान घालून बसतं, एवढ्यावर सरांचं तालुक्यात नाव झालं होतं.

अकरावीची मॅट्रिक जाऊन आता दहावी येणार, अशी बोलणी सुरू झाली त्या वर्षीची गोष्ट. हेडमास्तरांनी आम्हा सगळ्यांना बसवून घेतलं आणि विचारलं, की मुलगा शाळा सोडून जाताना त्याला काय काय यायलाच हवं, ते एकेकाने सांगा. मास्तरांना असं विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. इंग्रजीवाल्यांना साहेबाला लिहायचा अर्ज महत्त्वाचा वाटला, गणितवाल्यांना चक्रवाढ व्याज, आणि मी शुद्ध बोलण्यावर सगळ्यांना कंटाळा येईपर्यंत बोललो. शेवटी धर्माजी सर उठले. "साप चावलेलं माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत नेता आलं पाहिजे," म्हणाले आणि बसले.

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. त्यांची धाकटी बहीण हिरू लहानपणी साप चावून गेली, हे मला ठाऊक होतं. छप्पनच्या आधीचे दिवस. भगताने महारवाड्यात पाऊल टाकलं नाही, लांबूनच मंतरलेले तांदूळ फेकले आणि निघून गेला. दवाखान्यात न्यावं हे घरात कुणाला सुचलं नाही. पुढे घरातले जुने देव गेले, बुद्धाची तसबीर आली, सर शिकून मास्तर झाले. पण बहिणीचं नाव निघालं की ते खोलीबाहेर जाऊन उभे राहत.

हेडमास्तरांनी मॅट्रिकच्या वर्गाचा शनिवारचा शेवटचा तास त्यांना देऊन टाकला. त्या तासाला सर एका पोराला टेबलावर निजवून शिकवत. चावल्याच्या वर फडकं बांधायचं, थोड्या थोड्या वेळाने ते सैल करायचं, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि भगताकडे न जाता सरळ दवाखाना गाठायचा. त्या काळी पुस्तकांतही तसंच दिलेलं असे. या तासाला सगळ्यांत हुशार होता तो कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या एका वाडीतला नवशा. भातशेतीवाल्या नागूचा थोरला मुलगा, घरातला मॅट्रिकपर्यंत पोचलेला पहिलाच. त्याचा हात इतका सफाईदार चालायचा की सर इतरांना म्हणत, "नवशाकडे बघा."

नवशा मॅट्रिक पास झाला. मुंबईला नोकरी बघायची, असं ठरलं होतं. त्याआधी घरची लावणी उरकून जावं म्हणून तो थांबला. एके दिवशी सकाळी चिखलात रोपांच्या मुठी उचलताना नागूच्या घोट्याला साप डसला. नवशाने क्षणाचाही वेळ घालवला नाही. डोक्याचं मुंडासं फाडून बापाच्या गुडघ्याखाली बांधलं. गाठ मारली ती भाताचा भारा बांधायची, ओढावी तितकी घट्ट बसणारी, कारण हाताला तीच सवयीची. चौघांनी नागूला झोळीत घातलं आणि निघाले. पण वाटेतली नदी दुथडी भरून वाहत होती. दवाखाना पलीकडे, भगतही पलीकडे. माणसं झोळी घेऊन परत घरी आली आणि पाणी उतरायची वाट बघत बसली.

आता गाठ सैल करायची होती. नवशाने हात घातला तशी त्याची आई विठाबाई कळवळली. आमच्या भागात पक्की समजूत आहे, की साप चावलेल्या पायाची गाठ भगतानेच उतारा देऊन सोडायची. त्याआधी सुटली तर विष काळजात उतरतं.

"आये, सरांनी सांगितलंय, सैल केलीच पायजे," नवशा म्हणाला.

"तुझ्या सरांचा बाप हाय काय यो?" चुलता आबाजी कडाडला. "मोटी मानसं बसलीत ना रं इथं? गप र्‍हा."

विठाबाईने गाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही. पाय आधी सुजला, मग निळा पडला, मग नागूला त्याची जाणीवच राहिली नाही. ठणका थांबला म्हणून घरातल्यांना बरं वाटलं. नवशाने दुपारी पुन्हा एकदा हात पुढे केला, तेव्हा आबाजीने त्याला दंडाला धरून ओसरीवर नेऊन बसवलं. तो बसला. मोठं माणूस बोलत असताना तोंड उघडायचं नाही, हेही त्याला चांगलं शिकवलेलं होतं.

पाणी उतरून झोळी कर्जतला पोचेपर्यंत दिवस बुडत आला होता. डॉक्टरांनी गाठ कापली आणि दाताच्या खुणा बराच वेळ बघितल्या. मग म्हणाले, "ही दिवड होती. हिच्यात विष नसतं. नुसती जखम धुतली असती तरी भागलं असतं." नागूला गाडीने मुंबईला नेलं आणि पाय गुडघ्यावरून कापला.

मग वाडीतली माणसं शाळेत आली. आबाजी हेडमास्तरांसमोर उभा राहून म्हणाला, "त्यांना देव नको, भगत नको, त्यांचं त्यांनी बघावं. आमच्या पोरांना कशाला नादी लावता? मानूस पांगळा केला आमचा." गाठ सोडू कुणी दिली नाही, हे त्यातल्या एकानेही काढलं नाही. मला इतका संताप आला की मी मध्ये बोलणार होतो, पण धर्माजी सरांनीच मला हाताने थांबवलं. माणसं गेल्यावर हेडमास्तर म्हणाले, "शनिवारचा तास बंद करा. शाळेत भांडणं नकोत."

सर काही तरी बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. मांडायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. आता तासात साप ओळखायला शिकवू, वाडीत जाऊन मोठ्यांना शिकवू, हे आदल्याच दिवशी त्यांनी मला तावातावाने सांगितलं होतं. पण समोर हेडमास्तर होते, वयाने मोठे. सरांनी मान खाली घातली आणि "बरं," म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि मग फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर आम्ही दोघं वाडीवर गेलो. नागू अंगणात कुडाला टेकून बसला होता, मांडीखाली धोतराचा घोळ करून ठेवलेला. विठाबाईने सरांना बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. सरांना वाटलं होतं शिव्या मिळतील. पाणी मिळाल्यावर त्यांनी तांब्या नुसता हातात धरून ठेवला. नागूच बोलला, "मास्तर, पोराची नोकरी र्‍हायली. नांगर कोन धरील?" तेवढंच बोलून तो पुन्हा शेताकडे बघत बसला.

नवशा झोडणीवरून आला. अंगभर भाताचा भुसा, खांदे रुंद झालेले. सरांसमोर तो अजूनही हात बांधून उभा राहिला.

"नवशा," सर म्हणाले, "मी कुठे चुकलो, तेवढं सांग."

तो म्हणाला, "सर, बांधायचं येत व्हतं. सोडायचं बी येत व्हतं. आयेचा हात बाजूला सारायचं नवतं येत. ते तुमी कधी शिकवलंच नाय. तुमी उलट शिकवलंत."

सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. विठाबाई दाराच्या आत चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने हे ऐकलं होतं.

"आता पोरांना त्या तासाला तेवढं पन सांगत जावा," नवशा म्हणाला.

"तास बंद झाला," सर म्हणाले. "हेडमास्तर नको म्हणाले."

"आनि तुमी काय म्हनलात?"

सरांनी मान खाली घातली. नवशाने त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मंग तुमाला तरी कुठं येतंय, सर," तो म्हणाला, आणि बापाला उन्हातून उचलून आत न्यायला वाकला.