तपकिऱ्याचा घास

अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसच्या आसपास मराठी मंडळी जेवायला जमली की कुणीतरी हमखास सांगतं, "काकूंनी अल्पाका लठ्ठ केला!" सगळे हसतात. माझी बायकोही हसते, पण लगेच उठून स्वयंपाकघरात जाते. ही गोष्ट खोटी आहे. खरी काय, ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून लिहून टाकतो.

आम्ही दोघं कोलंबसजवळच्या डब्लिनला मुलीकडे राहतो. तिच्या घरापासून जवळच अल्पाकांचा फार्म आहे. मालकीण आमच्याच वयाची, एकटीच सगळं बघते. "घरात बसून कंटाळाल, मदतीला जा," म्हणत मुलगी आम्हाला सकाळी तिथे सोडायची.

अल्पाका म्हणजे उंटाचं लोकरी, लहानखुरं भावंड. डोक्याला हात लावलेला त्याला खपत नाही. चिडला तर थुंकतो, आणि ती थुंकी म्हणजे पोटातलं आंबलेलं गवत. माझा एक स्वेटर त्यातच गेला. कळपातले सगळे शेणालाही ठरलेल्या एकाच जागी जातात. ते बघून बायको म्हणाली, "आपल्या सोसायटीची मीटिंग एकदा इथे घ्यायला हवी."

ती भराभर शिकली. लोकरीमुळे अल्पाका लठ्ठ की रोड ते डोळ्यांना कळत नाही. पाठीच्या कण्यावर हात ठेवून दोन्ही बाजूंचा उतार चाचपावा लागतो; उतार भरला की जनावर लठ्ठ. तिचा हात इतका तयार झाला की मालकिणीने खुराकाच्या गोळ्यांचं माप तिच्याकडे सोपवलं. पुण्यात तिने शाळेत मुलांना शिकवण्यात जन्म घालवला, इथे आल्यापासून मात्र ती नुसती 'अमुकची आई' झाली होती. ते प्लास्टिकचं माप ती घरी आणून घासायची.

माझ्याकडे फावडं होतं.

फार्मवर मला भूक लागते म्हणून बायको पोळी-भाजीचा डबा द्यायची. आमच्या घरी जेवणाआधी गायीसाठी घास काढायची पद्धत. डब्लिनमध्ये गाय कुठून आणणार? समोर एक तपकिरी अल्पाका उभा होता. बायको त्याला तपकिऱ्या म्हणायची. चार पाय, रवंथ, डोळ्यांत तोच शांत भाव. मी चतकोर पोळी पुढे केली. काय चालेल नि काय नाही, हे मालकिणीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ते खाण्याबद्दल होतं, हा तर घास होता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

चतकोराची अर्धी झाली, अर्धीच्या दोन. डबा रिकामा बघून बायको खूश. "अहो, तुम्हाला इथलं पाणी मानवलं!" पुण्याला फोन करून तिने बहिणीलाही सांगितलं. मग तर मला तोंड उघडणं आणखी अवघड झालं.

तपकिऱ्याच्या पाठीचा उतार नाहीसा झालाय, हे आधी तिलाच कळलं. तिनेच जाऊन सांगितलं. मालकीण हळूच म्हणाली, "तुमचं माप जरा सढळ होत असेल का?" आणि माप परत घेतलं. कुणी रागावलं नाही. बायको मात्र दुसऱ्या दिवसापासून फार्मवर यायची थांबली. मी शेण ओढत राहिलो.

लोकर कातरायच्या दिवशी मुलीने तिला ओढूनच आणलं. तपकिऱ्याची लोकर उतरली आणि आत निघाली घागर.

"ओ माय गॉड, आई! हे सगळं तुझं वर्क?" मुलगी हसायला लागली.

बायको हसली नाही. रिकाम्या हातांकडे बघत उभी राहिली. तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"मी पोळ्या घातल्या त्याला," मी म्हणालो. "रोज."

"बाबा, सीरियसली?"

मुलीने मालकिणीला इंग्रजीत सगळं सांगितलं. मालकिणीने मला अर्धा तास सुनावलं. गव्हाची पोळी त्यांच्या पोटात आंबते, जनावर दगावलंही असतं. मी मान खाली घालून ऐकलं. ती म्हणत होती ते खरंच होतं. मग तिने माप बायकोच्या हातात दिलं आणि तिची माफी मागितली.

बायको माझ्याकडे वळली. "म्हणजे ती भूक तुमची नव्हती?"

"नव्हती."

"आणि मी ताईला फोन करून करून सांगतेय!"

माप बगलेत धरून तिने माझ्या शर्टावरून पाठीच्या कण्यावर हात ठेवला, आणि तपकिऱ्याचा चाचपायची तसा दोन्ही बाजूंचा उतार चाचपला. एकदा, मग परत.

"हाडं लागतायत हाताला," ती मुलीला म्हणाली. "यांचा खुराक वाढवायला हवा."

आता माप तिच्याकडेच असतं. माझा डबाही तिच्याकडेच असतो. ती समोर बसते आणि शेवटचा तुकडा खाल्ल्याशिवाय उठू देत नाही. कुंपणापलीकडून तपकिऱ्या माझ्याकडे अशा नजरेने बघतो की मी तोंड फिरवून चावतो.