असुबिरी नदी आणि बोआतेमाचा दावा

आमच्या नाटक कंपनीचा ट्रक गावोगाव फिरायचा तेव्हापासून मी बोआतेमाला ओळखतो. मी बायकांची कामं करायचो. पदर डोळ्याला लावून रडणं मी तिच्या आईचं बघून उचललं होतं, आणि प्रेक्षक त्यावर टाळ्या द्यायचे. काय दिवस होते ते! आता मी म्हातारा झालोय, आणि बोआतेमा पन्नाशीची विधवा आहे. कुमासी शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती धुरी दिलेले मासे विकते आणि मला मामा म्हणते. तिच्याइतकी सरळ बाई गावात दुसरी नाही. तरी गेल्या वर्षी गावाने तिचं, आणि तिच्यामुळे माझं, डोकं उठवलं.

तिचा नवरा गेला, तिथून सुरुवात झाली. आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी तीही लग्नानंतर आईच्याच घरी राहिली आणि रोज संध्याकाळी नवऱ्याच्या घरी जेवणाचा वाडगा पाठवत आली. त्या संध्याकाळी फुफू, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदाचा गोळा, आणि शेंगदाण्याचं कालवण गेलं. सकाळी नवरा उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण धाकटा दीर अद्दाई अंत्यविधीला सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणाला, "वहिनीच्या फुफूने माझा भाऊ खाल्ला."

विष घालणारीचे मासे कोण घेणार? तिच्या पाटीवर माशा बसू लागल्या. शेजारची टोमॅटोवालीसुद्धा तोंड फिरवू लागली.

मग बोआतेमा अंडी आणि श्नॅप्स दारूची बाटली घेऊन असुबिरी नदीत, जिला आम्ही देव मानतो आणि आदराने नाना म्हणतो, गुडघाभर पाण्यात उभी राहिली. "नाना असुबिरी, मी विष घातलं असेल तर मला ने. नसेल घातलं, तर ज्या तोंडाने हे म्हटलं ते तोंड धर!" अंडी फोडली, बाटली ओतली, घरी आली.

अद्दाई पळत पोलिसांत गेला. वहिनीने माझ्या जिवावर देव घातला, ही त्याची तक्रार. पोलिसांनी तिला न्यायालयात उभं केलं. न्यायाधीशबाई तरुण, चष्म्याची दांडी चावत ऐकणाऱ्या. म्हणाल्या, "जो गुन्हा कायद्यात लिहिलेला नाही, त्याची शिक्षा मी कोणाला देऊ शकत नाही. राज्यघटना तसं सांगते. नदीत अंडी फोडणं मला तरी कुठे लिहिलेलं दिसत नाही."

"मग माझं नाव बुडवलं, ते लिहिलंय का कुठे?" बोआतेमाने विचारलं.

"ते लिहिलंय. अब्रुनुकसानीचा दावा लावा."

तिने लावला. आणि दुसऱ्याच आठवड्यात अद्दाईचा जबडा सुजला.

गावाला उत्सव मिळाला. नदीने तोंड धरलं! नदीच्या पुजाऱ्याने सांगितलं, आधी अद्दाईने चारचौघांत खोटेपणा कबूल करावा, मेंढी द्यावी, मग बोआतेमाने शाप उतरवावा. दुसऱ्या कोणाला तो उतरवता येत नाही. अद्दाईच्या वकिलाने सांगितलं, दावा चालू असताना कबुलीचा एक शब्द काढलात तर संपलात. नदी म्हणते बोल, वकील म्हणतो गप्प बस, आणि हा गाढव मधल्या मध्ये ताप अंगावर काढत पडलेला. इस्पितळाचं नाव काढलं की मान हलवायचा. शापावर डॉक्टर काय करणार?

मी बघून आलो. चेहरा पपईएवढा, तोंडाला दुर्गंधी. दाढेत पू झाला होता, आंधळ्यालाही कळलं असतं. बोआतेमाला सांगितलं, "मरेल तो."

ती मासे उलटे करत राहिली. "मेला तर सगळं गाव म्हणेल मी निर्दोष आहे, मामा."

"म्हणेल."

"आणि बरा झाला तर म्हणतील, नदीने सोडला, म्हणजे तोच खरा. बाईनेच विष घातलं."

"तेही म्हणतील."

"मग तुम्ही इथे कशाला आलात? मला छळायला?" तिने चिमटा आपटला. "माझी पाटी रिकामी होण्यासाठी त्या मूर्खाने मरावं? आणि मेल्यावर न्यायाधीशबाई प्रश्न कोणाला विचारणार, मढ्याला?"

ती टॅक्सी घेऊन त्याच्या दारात गेली. "भावजी, उठा."

तो हातानेच नाही म्हणाला.

"नदीला मी काय ते सांगेन. गाडीत बसा, नाहीतर मामा आणि मी तुम्हाला पोत्यासारखं टाकतो."

इस्पितळात दाढ निघाली, पू निघाला, अद्दाई वाचला. आणि तिने सांगितलं होतं तसंच झालं. बाजारात उरलंसुरलं गिऱ्हाईकही गेलं. अद्दाई तर छाती पुढे काढून म्हणाला, "बघा, नदीने मला सोडलं!" ज्या बाईने टॅक्सी करून नेलं तिच्याच नावाने बोंब! माझा संताप अनावर झाला. म्हातारा नसतो तर त्याची दुसरी दाढ मीच काढली असती.

तारीख आली. न्यायाधीशबाईंनी नदीबद्दल अक्षर काढलं नाही. अद्दाईला विचारलं, "वाडगा आला तेव्हा घरी कोण होतं?"

"मी आणि भाऊ."

"तुम्ही काय जेवलात?"

वकील खोकला. अद्दाईला तो खोकला कळला नाही. "आम्ही लहानपणापासून एकाच वाडग्यात जेवतो, मॅडम. भाऊ वेगळं वाढून घ्यायचा नाही."

"म्हणजे तेच फुफू तुम्हीही खाल्लंत?"

न्यायालयात कोणीतरी फस्सकन हसलं. इतके दिवस सगळं गाव नदीकडे डोळे लावून बसलं होतं. त्या वाडग्यात आणखी कोणाचा हात होता, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. बोआतेमा तर तिच्या आईच्या घरी होती, तिला कसं कळणार? नदी कोणाला प्रश्न विचारत नाही, थेट जबडा धरते. राज्यघटना आधी विचारायला लावते, मग शिक्षा. दोघी एका ताटात कशा बसवायच्या, मला अजून कळलेलं नाही.

दावा बोआतेमा जिंकली. भर बाजारात माफी मागायचा हुकूम झाला. पण गाव काय म्हणालं? "नदीनेच त्याच्या तोंडून खरं वदवलं!"

पुढच्या रविवारी अद्दाई मेंढी घेऊन तिच्या दारात. "वहिनी, शाप उतरव. मला झोप लागत नाही."

"दाढ गेली ना तुमची? आता कसला शाप?"

"तरी पण."

तिने माझ्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, आणि चप्पल घातली. नदीकाठी पुजाऱ्यासमोर अद्दाई मोठ्याने म्हणाला, "मी खोटं बोललो. वहिनीने विष घातलं नाही." वकिलाने लिहून दिलेल्या माफीत हे एवढं साधं वाक्य नव्हतं. ते ऐकून बोआतेमाने पाणी शिंपडून शाप उतरवला.

परतताना मी म्हटलं, "झालं एकदाचं."

"काय झालं? न्यायालयात दिवस गेला, इथे दिवस गेला," ती करवादली. "मामा, जरा भरभर चाला. टोमॅटोवालीने आज चार मासे सांगून ठेवलेत."